वर तेल द्या

हसू नका, पण बंगालीत 'तेल देणं' म्हणजे मस्का लावणं, हे मला नेमकं आदल्याच दिवशी कळलं होतं. सगळा घोळ तिथे झाला.

आमचे बंगाली साहेब चौथ्या मजल्यावर बसतात. माझा पुण्याच्या बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर अडकलेला. त्यांच्या आजोबांची जुनी मोटार शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेहालाच्या गॅरेजमध्ये होती, तिची चौकशी माझ्या गळ्यात पडली. मी फोन केला, तर मेकॅनिक म्हणाला, "दादा, ऊपर तेल नहीं पहुँच रहा, इसीलिए इतना खटखट है. ऊपर तेल दीजिए, शांत हो जाएगा."

मी चक्रावलो. साहेबांची खटखट बेहालापर्यंत कशी पोहोचली? पण सल्ला पटला.

वर गेलो. साहेबांचा शर्ट, आवाज, अक्षर, सगळ्याचं कौतुक केलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "बरं नाही का तुम्हाला? मेकॅनिक काय म्हणाला?"

"वर तेल द्या म्हणाला."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, वर म्हणजे इंजिनाच्या वर, व्हॉल्व्हना! चौथ्या मजल्यावर नाही!"