बरणी क्रमांक ४१२ वरची चिठ्ठी

वय ५८ वर्षे, धंदा नोकरी, प्राणिशास्त्र संग्रहालयात नमुन्यांच्या बरण्या सांभाळणे, राहणार संग्रहालयामागील कर्मचारी वसाहत, खोली सहा. सगळे मला बरणीताई म्हणतात. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मयत माझा सख्खा धाकटा भाऊ. डोंगरमाथ्यावरच्या जंगलात सापांची पाहणी करण्याचे त्याचे काम. काल सकाळी ८.४० वाजता त्याचा संग्रहालयात फोन आला. "ताई, तुझ्या ४१२ नंबरच्या बरणीतला करडा साप जिवंत सापडला गं! तीस वर्षांत हा दुसराच. बोटाला चावलाय लेकाचा. चिठ्ठी बघ जरा."

मी फडताळाशी जाऊन चिठ्ठी वाचून दाखवली. तीवर शाईने 'बिनविषारी' असे आहे.

तो म्हणाला, "वाटाड्या खाली चल म्हणून डोकं खातोय. पण ताईचं अक्षर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! मोजमाप उरकून संध्याकाळी येतो." मी हसले. खाली उतर, असे मी म्हणाले नाही.

वाटाड्या सांगतो की, ११ च्या सुमारास त्याच्या पापण्या मिटू लागल्या, मग बोलणे अडखळले. वाटाड्याने त्याला पाठीवर घेऊन तीन तासांची उतरण उतरली. दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला होता. सकाळीच आणले असते तर श्वासाच्या यंत्रावर वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले.

आमच्याकडे खात्री असेल ते शाईने आणि नसेल ते पेन्सिलीने लिहायची रीत आहे. ४१२ मधला तो पहिला साप चेचलेला आला होता, विषाचे दात तपासता आले नव्हते. एकवीस वर्षांपूर्वी चिठ्ठ्या पुसट झाल्या म्हणून मी एका दिवसात दोनशे नव्या लिहून वर चिकटवल्या. सगळ्या शाईने लिहिल्या. काल संध्याकाळी ४१२ ची नवी चिठ्ठी ओली करून सोडवली. खालच्या जुन्या चिठ्ठीवर 'बिनविषारी' पेन्सिलीने आहे. दोन्ही अक्षरे माझीच आहेत. दोन्ही चिठ्ठ्या हजर केल्या आहेत.

वाटाड्याला दोष देऊ नये. त्याने शर्थ केली.

शेवटी ते काय बोलले, असे भावजयीने विचारले. संध्याकाळी येतो म्हणाला, एवढेच मी तिला सांगितले. बाकीचे तिला सांगायचे धाडस मला होत नाही. तिने हा जबाब वाचावा.

जबाब मला वाचून दाखवला, मी स्वतःही दोनदा वाचला. सांगितल्याबरहुकूम आहे. खाली 'बरोबर आहे' हे मी माझ्या हाताने, शाईने, या वेळी खात्री करून लिहिले आहे.