दुसरं टोक कोण धरणार?

...आणि वर मलाच विचारतो, "काका, याला चाकं आहेत, चाकं! अजून काय पाहिजे?" अरे बाबा, चाकं गाडीला असतात, सुताराच्या टेबलाला चाकं लावून मी त्याला काय हवा खायला नेऊ? तुम्हाला सांगतो, त्या दुकानात मी टेबलावर फळी ठेवली, रंधा धरला, एकच हात मारला... टेबल निघालं! टेबल पुढे, मी मागे, ते थेट शिड्यांच्या रांगेत जाऊन आपटलं! आणि तो टायवाला विक्रेता शांतपणे म्हणतो, "काका, ब्रेक लावायचा राहिला." ब्रेक! म्हणजे या वयात मी लाकूड तासू की ड्रायव्हिंग शिकू?

आता तुम्ही म्हणाल, सुतारानं टेबल विकत घ्यायला जावंच कशाला? अहो, तीच तर लाज आहे! आमचा पॉलिशवाला तोंडावर म्हणाला, "मास्तर, तुम्ही टेबल विकत आणणार?" आणि असा हसला, असा हसला... मी म्हटलं, न्हावी स्वतःच्या मानेवरचे केस स्वतः कापतो का रे? टेबल करायचं म्हणजे सात-सात फुटी जाड फळ्या करवतीवरून सरळ न्यायच्या. एक टोक मी धरीन. दुसरं टोक कोण धरणार, सांगा!

तीस वर्षं ते दादानं धरलं. माझा थोरला भाऊ. दहा बाय चौदाचं आमचं वर्कशॉप, एक दार, एक खिडकी, लांब फळी आली की तिचं तोंड खिडकीतून बाहेर, रस्त्यानं जाणारा माणूस वाकून जाणार आणि जाता जाता आमचा उद्धार करणार. मधोमध टेबल, दादानं केलेलं, दादाच्या मापाचं, छत्तीस इंच. दादा उंच ताडमाड, आणि मी... बघताच आहात. मग मी काय करायचं? पायाखाली फळी घ्यायची! तीस वर्षं फळीवर उभा राहून फळ्या तासल्यात मी. आणि लाकूड पकडायला शिकंजा वगैरे काही नाही हं, दादाचा गुडघा हाच शिकंजा. "धर" म्हणायची वेळच यायची नाही, मी रंधा उचलला की पलीकडे त्याचा पंजा पडलेलाच. चुकलो की तोच पंजा माझ्या डोक्यात.

दहा महिन्यांपूर्वी एका सकाळी दुसरं टोक धाडकन खाली आलं. आणि मी काय बोललो माहितीये? "दादा, लक्ष कुठंय तुझं!" असं खेकसलो. तो खाली पडलेला, उजवी बाजू गेलेली, आणि मी त्याच्यावर खेकसतोय! असो.

आता रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. तोंड वाकडं झालंय, पण पहिला प्रश्न तोच. "जि... जिन्याचा कठडा झाला?" मी म्हणतो, नाही अजून. की लगेच डावा हात वर. "थांब. मी आलो की... करू." आणि कठड्याचा मालक मला फोन करून ओरडतोय, "अहो, तुमच्या दादांची वाट बघत आमची आजी दहा महिने खालच्या मजल्यावर बसलीय!" डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावून सांगून टाकलंय, दादाचा उजवा हात आता परत चालणार नाही. पण दादाला कोणी सांगायचं? वहिनी म्हणते, "भावजी, तुम्हीच सांगा." मी म्हणतो, "वहिनी, तुम्हीच सांगा." आणि एकट्यानं वापरायचं टेबल आणणं म्हणजे दुसरं काय हो? न बोलता सांगणंच ते! बरं, नाही आणावं तर वर्कशॉपला कुलूप. दुसरं टोक कोण धरणार?

तर तो टायवाला. बोटांवर मोजून सांगतोय, "काका, सात फंक्शन! फळी पकडतं, करवत बसते, ड्रिल बसतं, चाकं आहेत, घडी होतं, चहाच्या कपाला खाच आहे आणि हे हँडल फिरवलं की उंची कमी-जास्त. हे टेबल नाहीच काका, हा दुसरा माणूस आहे!" मी म्हटलं, चुकलं की टपली मारतं का रे? तो म्हणतो, "नाही काका, ते नवीन मॉडेलमध्ये आहे का विचारतो."

घेतलं. काय करणार? चोरासारखं आणलं, दादाच्या कानावर जाऊ नये म्हणून. जुनं टेबल भिंतीला लावलं. जोडणीवाला आला, पाना काढला, विचारतो, "मास्तर, उंची किती ठेवू?" आणि माझ्या तोंडातून काय गेलं? "छत्तीस." तीस वर्षांची जीभ हो! त्यानं ठेवली, नट आवळले, गेला. मी टेबलासमोर उभा राहतो तर कोपरं खांद्याला! एकट्यासाठी आणलेलं टेबल आणि माप घरी बसलेल्या माणसाचं! स्वतःला चार शिव्या हासडल्या, हँडल हातात घेतलं, आता फिरवणार... तर दारात दादा!

काठी टेकत, पाय ओढत, मागे वहिनी. "भावजी, तो पॉलिशवाला बोलून गेला, मग हे ऐकेचनात." दादा टेबलाकडे बघत राहिला. तुम्हाला सांगतो, तेवढा वेळ मी मेलो होतो. मग तो जवळ आला, ताठ उभा राहिला आणि डाव्या हातानं उजवा मेलेला हात उचलून टेबलावर ठेवला. आमच्यात माप असंच घेतात, हात सरळ सोडायचा, तळवा टेकला की टेबल तुमचं. तळवा टेकला. बरोब्बर टेकला.

"माझ्या... मापाचं?" दादा म्हणाला. "मला वाटलं... एकट्याचं आणशील."

आणि माझा दादा रडला हो. तीस वर्षांत पहिल्यांदा. वहिनी माझ्याकडे बघतेय, माझ्या हातात ते हँडल... मी ते पाठीमागे लपवलं. "एकट्याचं कशाला आणीन, दादा?" म्हटलं. झालं! सांगायचं होतं एक, सांगून बसलो भलतंच!

आता दर सोमवारी वहिनी त्याला घेऊन येते. येतो, आधी हात टेकवून बघतो, मग खुर्चीत बसून माझ्या चुका काढतो. कठडा झाला, आजी वर गेली... म्हणजे वरच्या मजल्यावर हो! दुसरं टोक नव्या टेबलाचा शिकंजा धरतो, मुकाट्यानं, काही बोलत नाही, टपली नाही, काही नाही. आणि मी कोपऱ्यातली जुनी फळी काढली, भुसा झटकला आणि घेतली परत पायाखाली.

परवा टायवाल्याचा फोन. "काका, सातही फंक्शन वापरताय ना?"

म्हटलं, सहा मी वापरतो. उंचीचं माझा भाऊ वापरतो.