तापाच्या लेखाखालचं नाव

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, रुग्णालयातील माझे सर्व सहकारी, आणि मधल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या आमच्या संपादक बाई,

बाईंच्या निरोपाचं बोलायला बालरोग विभागाचा माणूस कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. आमच्या संकेतस्थळावर मुलांच्या आजारांविषयी जे जे येतं, ते बाई माझ्याकडे तपासायला पाठवतात, आणि मी घुसवलेली जडजंबाल वाक्यं सोपी करून परत पाठवतात. माझी भाषा त्यांनी सुधारली. अक्षर मात्र त्यांच्याही हाताबाहेरचं होतं.

त्यांचं काम नेमकं काय, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हतं. त्यांनीच एकदा समजावलं. प्रत्येक डॉक्टरची माहिती संगणकात एकाच जागी भरायची: नाव, विभाग, तपासणीच्या वेळा. मग तीच माहिती विभागाच्या पानावर, फोनमधल्या ॲपवर आणि खालच्या दालनातल्या पडद्यावर आपोआप दिसते. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं.

बाईंची मुलगी आमच्याच विभागात डॉक्टर म्हणून रुजू झाली. परिचारिका तिला ‘छोट्या बाई’ म्हणायच्या. तिची माहिती आईनेच भरली. फोटोत केस विस्कटलेत म्हणून दुसरा फोटो आणायला लावला, आणि लेकीने तोंड फुगवून तो आणून दिला, हे मी पाहिलेलं आहे. लहान मुलांच्या तापावरचा लेख या मुलीने लिहिला. आमच्याकडे आजही सर्वांत जास्त वाचला जातो तो हाच.

पुढच्याच वर्षी, कामावर येताना, ती रस्त्यावरच्या अपघातात गेली.

बाई रजेवर होत्या. मुलीचं पान तसंच राहिलं. ते काढण्याचा अधिकार आणखी दोघा-तिघांना होता, पण कुणाचा हात धजेना. त्यामुळे लोक तिची वेळ घेऊन येत राहिले. एक बाप तापाने फणफणलेलं मूल खांद्यावर घेऊन आला. ज्यांची वेळ घेतली त्या डॉक्टर आता या जगात नाहीत, हे त्याला कसं सांगावं ते नोंदणीच्या खिडकीवरच्या ताईंना सुचेना. त्या तिथेच रडू लागल्या.

हे बाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संगणकापुढे हजर. शेजारच्या सहकाऱ्याने, मी करतो, तुम्ही घरी जा, असं परोपरीने विनवलं.

“तिचं पान मी चढवलंय,” बाई म्हणाल्या. “उतरवीनही मीच. कुणाचं लेकरू खोळंबायला नको.”

ही माहिती इतर पानांवरही वापरली आहे, तरी काढायची का, असं संगणकाने विचारलं म्हणतात. त्याला बिचाऱ्याला काय कळणार? मी तेव्हा खालच्या दालनात होतो. पडद्यावर आमच्या विभागाची नावं सरकत होती. तिचं नाव आलं नाही, तेव्हा समजलो, वर काम झालं.

तापाचा लेख मात्र राहिला, खाली लेखिका म्हणून वेगळं टाइप केलेलं तिचं नाव. पण वैद्यक कुठे थांबतं? ओल्या फडक्याने अंग पुसण्याचा सल्ला मागे पडला, औषधाच्या सूचना बदलल्या. प्रत्येक बदल मलाच कळवावा लागे, आणि कळवताना माझं मन कचरत असे. बाई लगेच दुरुस्ती करीत. एकदा मी चाचरत म्हणालो, हे वाक्य राहू द्या, फार सुंदर आहे. तर म्हणाल्या, “चुकलेलं वाक्य तिनेही ठेवलं नसतं, डॉक्टर.”

असं होता होता यंदा तिचं एकच वाक्य उरलं. ‘घाबरू नका, आई शांत असली की बाळही शांत होतं.’ आणि आमच्या लक्षात आलं, की हे वाचून काही आया घरीच शांत बसून राहतात, मुलाला आणायला उशीर करतात. हे लिहून कळवणं मला जमेना. जिना चढून बाईंकडे गेलो आणि सांगितलं.

त्यांनी ते वाक्य हलक्या आवाजात वाचलं. मग काय लिहू, म्हणून विचारलं. ‘भीती वाटली तर थांबू नका, लगेच या,’ असं मी सुचवलं. त्यांनी टाइप केलं. मग लेखाखालच्या नावापाशी थांबल्या.

“आता यात तिचं काही राहिलं नाही. नाव ठेवलं तर खोटं होईल.”

मी म्हणालो, मूळ लेख तिचाच आहे.

“मूळ लेख आता कोण वाचतं, डॉक्टर? लोक वाचतात तो हा.”

त्यांनी नाव काढलं, लेख प्रसिद्ध केला, आणि म्हणाल्या, जरा बसता का? मी बसलो.

मंडळी, आनंदाच्या समारंभात हे काढण्याचा मला धीर होत नव्हता. म्हणून आज सकाळी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “बोला. तिच्याबद्दल बोलणारं इथे आता फारसं कुणी उरलं नाही.”

म्हणून बोललो. ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. बाई, तुम्ही बोलू दिलंत, आणि आपण सर्वांनी तिच्याविषयी ऐकून घेतलंत. मी मनापासून आभारी आहे.