शांताकाकूच्या ओळीतली तूर

आमची शांताकाकू निंदणात एवढी पक्की, का तिच्या ओळीत गवताची काडी सापडली तर लोक म्हनत, वाऱ्यानं आली असन. आमाले सगळ्या बायांले खुरपं धराले तिनंच शिकवलं. त्याच काकूनं यंदा एक दिवस सोयाबीनमधली तूर उपटून बांधावर फेकली आन बाजूचं गवत तसंच ठेवलं.

मले राहवलं नाई. म्हनलं, "काकू, ही तूर हाय."

तिनं पान बोटात चोळलं, वास घेतला. "हाय खरी. पयल्यांदाच झालं का असं?"

"आठ दिवस झाले. तुमच्या मांगून आमीच तुमची ओळ साफ करतो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमाले कोन सांगन?"

काकू उठली आन खुरपं माया हाती दिलं. "मी चालली मंगरूळपीरले, डोळे दाखवाले."

तिचा पोरगा म्हने, "माय, सीजन झाल्यावर पाहू."

"पाहाले डोळे पायजेत ना, बाबू!" असं म्हनून काकू जीपमध्ये बसली बी.

मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं. डाक्टरनं धुळीत जाऊ नका सांगतलं, तं महिनाभर घरात बसली. मंग एक दिवस काळा चष्मा लावून थेट वावरात आली. मले वाटलं, आता दुवा देईन. काकू माया ओळीपाशी थांबली, वाकली, मूठभर गवत उपटलं आन माया तोंडासमोर धरलं.

"मले तं दिसत नव्हतं. तुले काय झालं?"