मजीदभाई विसरभोळे नाहीत

सन्माननीय अध्यक्ष जाफरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, उद्या आपल्याला सोडून गावी निघालेले मजीदभाई, आणि बंधुभगिनींनो,

आत्ताच अध्यक्षांनी मजीदभाईंच्या विसरभोळेपणाचा विनोद केला. आपण हसलो. मीही हसलो, आणि म्हणूनच हातातला कागद बाजूला ठेवतो आहे.

कुवेतला येण्याआधी मजीदभाई न्यू गिनीच्या जंगलात एका सर्वेक्षण तळावर वायरलेस ऑपरेटर होते. तिथल्या एका म्हाताऱ्या हमालाकडून ते त्याची भाषा शिकले. बोलणारी माणसं तीनशे. व्यंजनं दहा-अकरा, 'स' नाही, 'ज' नाही. पण एकच शब्द वरच्या पट्टीत म्हटला की ढग, खालच्या पट्टीत म्हटला की आजी. कागदावर दोन्ही सारखेच दिसणार. म्हणून शब्द वहीत उतरवूनही त्यांनी म्हाताऱ्याचा आवाज टेपवर घेतला. ते रीळ ऑस्ट्रेलियातल्या एका प्राध्यापकांना पाठवायचं होतं.

बासष्ट साली माझ्या मुलीची, कुबराची हळद इथेच बनेद अल-गार मोहल्ल्यात झाली. गाणी टेप करायला मजीदभाईंनी आपला टेपरेकॉर्डर दिला. इथल्या कितीतरी भगिनी त्या दिवशी गायल्या. ऐन रंगात आमचं रीळ संपलं. मशीनच्या झाकणात दुसरं होतं. त्यावर मजीदभाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: म्हाताऱ्याचा आवाज, पुसू नये. ती मी वाचली, आणि तरी तेच रीळ लावून त्यावर गाणी घेतली. न वाचता लावलं असतं तर आज निदान तोंड वर करता आलं असतं. मनात म्हटलं, त्या रानातल्या लोकांचं कोण ऐकणार आहे? आपल्या कोकणी बोलीला कुणी हसलं की मला किती लागतं, हे तुम्ही जाणता. तोच मी.

आठवड्याने त्यांनी विचारलं, "अशरफ, झाकणात रीळ होतं काय रे?"

मी म्हटलं, "नाही, मजीदभाई."

"मग मीच कुठं विसरलो."

दोन वर्षं ते हेच सांगत आले. प्राध्यापकांनी कळवलं, आवाजाशिवाय नुसत्या वहीचा उपयोग नाही. म्हातारा तोवर वारला होता.

परवा ते रीळ मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. गाणी संपल्यावर चार-पाच मिनिटं म्हातारा उरला आहे. तो शब्द सांगतो, मजीदभाई चुकीच्या पट्टीत म्हणतात, तो हसतो आणि पुन्हा सांगतो. बाकी सगळं मी पुसलं.

मजीदभाई, हे घ्या ते रीळ.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. या गोष्टीची माफी मात्र सभेकडे मागत नाही. ती द्यायची की नाही, हे मजीदभाईंनी ठरवायचं आहे.