टेस्टरूमच्या दारावरची नाल

रांजणगावच्या आमच्या कारखान्यातली गंमत सांगतो. सूर्यासारखी ऊर्जा तयार करायच्या प्रयोगाला लागणारं सुपरकंडक्टिंग मॅग्नेट आम्ही बनवतो. त्याची कॉइल बर्फालाही हुडहुडी भरंल इतक्या थंडीत ठेवायची. जरा ऊब लागली की टेस्ट बोंबलली! दोनदा तसंच झालं, म्हणून तिसऱ्या वेळी मॅग्नेट मागवणाऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडम स्वतः आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "खोलीत लोखंडाचा कण दिसता कामा नये."

आमच्या स्टोअरच्या आप्पांनी खुर्च्या, नट आवळायचे पाने, बकलापायी माझा पट्टासुद्धा बाहेर नेला. करंट चढला आन् दारावरून काहीतरी सुसाट येऊन मॅग्नेटला खाडकन चिकटलं. घोड्याची नाल!

मॅडम ओरडल्या, "आप्पा, हे लोखंड नाही का?"

"लोखंड कसलं? नजर लागू न्हाई म्हणून मीच ठोकली हुती. बघा, नजर लागाय लागली तशी धावली का न्हाई!"

चालू मॅग्नेटवरनं नाल काही निघंना. मी एका हातानं पँट धरून मीटरकडं बघत बसलो. आन् टेस्ट पहिल्यांदाच पूर्ण झाली.

निघताना मॅडम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "पुढच्या टेस्टलाही नाल असू द्या. फक्त पितळेची करून घ्या."