चिंगीचा श्रावण

भाईंदरच्या जनावरांच्या दवाखान्यात ईश्वरभाई मांडीवर पोपटाचा पिंजरा घेऊन बसले होते, पण कान डॉक्टरांच्या उघड्या दाराकडे होते. आत मोरव्याच्या सुमनकाकू होत्या आणि टेबलावर त्यांची मलूल मांजर, चिंगी.

“काकू, मागे चाचणीच्या इंजेक्शनच्या आधी आणि नंतर, असं दोनदा रक्त तपासलं होतं ना हिचं?”

“हो. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी कामचुकार आहेत म्हणालात.”

“म्हणून रोजची गोळी दिली. जन्मभराची.”

“गुण आला हो! पंधरा दिवसांत सुनेच्या अंगावर धावून जायला लागली.”

“मग आज उलट्या का? अंगही गार पडलंय. गोळी चुकली?”

“छे! मी स्वतः देते. सुक्या बोंबलात लपवून.”

“शेवटची कधी दिलीत?”

“गटारीला.”

“गटारीला? पाच दिवस झाले!”

“मग? श्रावणात घरात बोंबील कुठून आणू?”

“अहो, तोंड उघडून घशात टाकायची.”

“टाकायला गेले ना. हे बघा मनगट.”

“श्रावण तुम्ही पाळता की ही?”

“राहते कुणाच्या घरात?”

“काकू, आता सलाईन लावतो, वाचेल. पुन्हा गोळी बंद झाली तर मात्र हातची जाईल.”

ईश्वरभाईंनी पोपटाला बोटाने गप्प केलं.

“डॉक्टर, तुम्ही श्रावण पाळता?”

“नाही.”

“मग बोंबलांची पिशवी तुमच्या या खणात ठेवते. हिला रोज सकाळी घेऊन येईन.”

“इथे? महिनाभर?”

“महिनाभर कसं? गणपती उठेपर्यंत.”